रात्री दहानंतरची शांतता : नियम एक, शहरागणिक अंमल वेगळा

दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर न्यू अशोक नगर हे दिल्लीच्या हद्दीतील शेवटचे स्थानक आहे. त्यापुढचे स्थानक नोएडाच्या सेक्टर १५ चे, म्हणजे उत्तर प्रदेशातले. या दोन स्थानकांदरम्यान प्रवाशाला काहीही बदललेले जाणवत नाही. वस्ती सलग आहे आणि रस्तेही एकमेकांना मिळालेले आहेत. तथापि रात्री साडेदहा वाजता घराशेजारच्या मैदानावर ध्वनिक्षेपक सुरू राहिला, तर त्याविषयी कोणाकडे दाद मागायची, कोणत्या दिवशी तो चालू ठेवण्यास मुभा असते आणि दोषी व्यक्तीला किती दंड होतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका स्थानकाच्या अंतरात बदलतात.

मुंबईच्या मध्य रेल्वेवर मुलुंड आणि ठाणे या स्थानकांमध्येही अशीच हद्द आहे. तेथे राज्य एकच आहे. बदलतात ते महापालिका, जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त.

देशात निवासी भागातील शांततेसंबंधीचा मूळ नियम मात्र एकच आहे. तो केंद्र सरकारने केलेला असून दिल्लीपासून ठाण्यापर्यंत सारखाच लागू होतो. मग शेजारच्या दोन शहरांतील रहिवाशांचा अनुभव इतका निराळा का असतो? या प्रश्नाचे उत्तर नियमाने स्थानिक यंत्रणेच्या विवेकावर सोपवलेल्या काही मोजक्या गोष्टींमध्ये सापडते.

मूळ नियम काय सांगतो?

ध्वनीचा समावेश कायद्याने प्रदूषकांमध्ये केला तो १९८७ मध्ये. त्या वर्षी हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९८१ मध्ये दुरुस्ती होऊन हवेच्या प्रदूषकांच्या व्याख्येत आवाजाची भर घालण्यात आली. १९८९ मध्ये सभोवतालच्या आवाजाची मानके ठरली. पुढे पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ च्या आधारे फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अमलात आले. आज ज्याला सर्वसामान्यपणे 'रात्री दहाचा नियम' म्हटले जाते, तो हाच.

या नियमांनुसार सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली जाते. शहराचे चार प्रकारच्या क्षेत्रांत वर्गीकरण करण्यात येते. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे.

डेसिबल हे एकक साध्या बेरजेने वाढत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. आवाज १० डेसिबलने वाढला म्हणजे त्यातील ऊर्जा दहापट होते आणि मानवी कानाला तो सुमारे दुप्पट मोठा भासतो. त्यामुळे निवासी भागातील दिवसाची ५५ आणि रात्रीची ४५ ही मर्यादा जवळजवळ सारखी वाटत असली, तरी त्या दोहोंतील ऊर्जेचे अंतर दहापटींचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत चांगल्या झोपेसाठी शयनगृहातील आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा, असे म्हटले होते. २००९ मध्ये युरोपसाठी दिलेल्या तत्त्वांत घराबाहेरील रात्रीच्या आवाजाची इष्ट पातळी ४० डेसिबल धरण्यात आली. भारतातील निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा त्याहून थोडी सैल आहे.

मर्यादेच्या जोडीला काही थेट बंदीही आहेत. सभागृह, परिषद कक्ष, समाजमंदिर यांसारख्या बंदिस्त जागेतील अंतर्गत वापर आणि सार्वजनिक आणीबाणी वगळता रात्री ध्वनिक्षेपक किंवा वाद्ये वाजवता येत नाहीत. जानेवारी २०१० च्या दुरुस्तीने आणखी तीन गोष्टींवर निर्बंध आले. रात्री निवासी भागात वाहनाचा भोंगा वाजवणे, आवाजाचे फटाके फोडणे आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवणे यांस मनाई झाली.

दुपारच्या विश्रांतीला मात्र या नियमांत वेगळे स्थान नाही. अनेक गृहनिर्माण संस्था दुपारी भिंतीला ड्रिल मशिन लावू नये, असा नियम करतात. तो त्या संस्थेच्या सभासदांपुरता असतो. पोलीस ठाण्यात वामकुक्षीचा हवाला देऊन तक्रार नोंदवायची झाल्यास दिवसाच्या मर्यादेचाच आधार घ्यावा लागतो.

न्यायालयाचा पाया

या नियमांना आजचे बळ लाभले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालाने. त्या प्रकरणाची पार्श्वभूमी विदारक होती. दिल्लीतील एका अभियंत्याने केलेल्या जनहित याचिकेत तेरा वर्षांच्या एका मुलीवरील अत्याचाराच्या घटनेचा उल्लेख होता. परिसरात ध्वनिक्षेपकावर मोठ्याने वाजणाऱ्या संगीतामुळे तिच्या मदतीच्या हाका कोणाला ऐकू आल्या नाहीत, असे याचिकेत म्हटले होते. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांच्या खंडपीठाने शांततेत जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. भाषणस्वातंत्र्यात दुसऱ्याला सक्तीने ऐकवण्याचा अधिकार येत नाही, असेही न्यायालयाने बजावले.

याच निकालात आवाजाची सीमा कोठे मोजायची, हेही ठरले. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी मर्यादा कमी असेल तिच्यापलीकडे जाता कामा नये. निवासी भागात दिवसा ही मर्यादा ६५ डेसिबल होते. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेच्या बाबतीत जागेच्या हद्दीवर मानकापेक्षा ५ डेसिबलपर्यंतच वाढ चालते. बंदिस्त सभागृहाला रात्री मुभा असली, तरी भिंतीबाहेर येणारा आवाज या मोजमापातून सुटत नाही. दक्षिण दिल्लीतील छत्तरपूर परिसरातील फार्महाऊसची हिरवळ किंवा मंगल कार्यालयाचे लॉन हे तर बंदिस्त जागेत मोडतच नाही.

पहिला फरक : सवलतीचे दिवस

शेजारच्या शहरांत सर्वाधिक गोंधळ होतो तो सवलतीच्या दिवसांवरून. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या काळात ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री १० ऐवजी १२ पर्यंत वाढवण्याचा अधिकार ऑक्टोबर २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारांना मिळाला. एका वर्षात असे दिवस एकूण १५ पेक्षा अधिक असता कामा नयेत, ही अट त्यात आहे.

या तरतुदीला आव्हान देण्यात आले. २८ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, परंतु तिला कुंपणही घातले. हा अधिकार राज्य सरकारने स्वतः वापरावा, तो खाली सोपवू नये आणि संपूर्ण राज्य हा एकच घटक मानून दिवस ठरवावेत, निरनिराळ्या जिल्ह्यांसाठी निरनिराळ्या तारखा देऊ नयेत, असे न्यायालयाने सांगितले. शांतता क्षेत्रांना ही सवलत लागू होणार नाही, हेही स्पष्ट झाले.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने नियमच बदलला. राज्य सरकारने प्राधिकृत केल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यालाही आपल्या हद्दीपुरते सवलतीचे दिवस ठरवता येतील, अशी तरतूद करण्यात आली. त्यामुळे एकाच राज्यातील दोन लगतच्या जिल्ह्यांत सवलतीचे दिवस वेगळे असणे आता नियमाशी विसंगत राहिलेले नाही.

दिल्ली परिसरात हा फरक राज्यांच्या पातळीवर दिसतो. दिल्ली सरकारने २०२५ मध्ये रामलीला व दुर्गापूजेसाठी २२ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या काळात मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकांस परवानगी दिली. पंधरा दिवसांच्या मर्यादेपैकी बारा दिवस एका सलग उत्सवकाळात वापरले गेले. ही परवानगी दिल्लीच्या हद्दीपुरती होती. यमुनेपलीकडच्या नोएडातील किंवा दक्षिणेकडील गुरुग्राममधील रामलीलेला ती आपोआप लागू होत नाही. तेथे अनुक्रमे उत्तर प्रदेश व हरियाणाचा निर्णय पाहावा लागतो.

महाराष्ट्रात गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि ३१ डिसेंबर यांभोवती हे दिवस प्रामुख्याने ठरतात आणि त्यांचे आदेश जिल्हाधिकारी काढतात. येथे जिल्ह्यांच्या सीमा आणि पोलिसांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत, ही खरी अडचण आहे. बेलापूर आणि खारघर ही लगतची ठिकाणे एकाच नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात. परंतु बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, तर पनवेल महापालिकेतील खारघर रायगड जिल्ह्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयातही ठाणे आणि पालघर असे दोन जिल्हे आहेत. याउलट पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचा जिल्हाधिकारी एक आहे, पण ऑगस्ट २०१८ पासून पोलीस आयुक्त दोन आहेत. म्हणजे कोठे दिवस वेगळे आणि पोलीस एक, तर कोठे दिवस एक आणि पोलीस वेगळे.

ही सवलत वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नव्हे. मध्यरात्रीपर्यंत परवानगी असलेल्या दिवशीही हद्दीवरील डेसिबलची मर्यादा कायम राहते. प्रत्यक्षात परवानगीचा कागद हातात असलेल्या आयोजकाचा आणि त्रासलेल्या शेजाऱ्याचाही समज बहुधा याच्या उलट असतो.

दुसरा फरक : क्षेत्राचे वर्गीकरण

घर निवासी असले म्हणजे ते निवासी क्षेत्रातच असते, असे नाही. क्षेत्र ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे आणि त्याचा आधार सामान्यतः शहराच्या विकास आराखड्यात असतो. दिल्लीत अनेक रस्त्यांवर खाली दुकाने व वर घरे अशा मिश्र वापराला परवानगी आहे. नोएडाची उभारणी १९७६ मध्ये औद्योगिक नगरी म्हणून सुरू झाली. तेथे कारखान्यांचे आणि घरांचे सेक्टर स्वतंत्र आखलेले असले, तरी काही ठिकाणी ते एकमेकांना लागून आहेत. जे घर व्यापारी क्षेत्रात मोडते, तेथील रहिवाशाला रात्री ४५ नव्हे, तर ५५ डेसिबलपर्यंतचा आवाज नियमानेच सहन करावा लागतो. औद्योगिक क्षेत्राच्या कडेला असलेल्यांसाठी पलीकडची मर्यादा ७० पर्यंत जाते.

शांतता क्षेत्राचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालय यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जाई. ऑगस्ट २०१७ च्याच दुरुस्तीने राज्य सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही, अशी तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी या तरतुदीला स्थगिती दिली आणि अवघ्या तीन दिवसांनी, ४ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. गणेशोत्सवाच्या ऐन दिवसांत घडलेल्या या घडामोडींमुळे रुग्णालयासमोरचा रस्ता शांतता क्षेत्रात आहे की नाही, याचे उत्तर आठवडाभरात दोनदा बदलले. अधिसूचना हा निकष झाल्याने एका शहरातील रुग्णालयाला जे संरक्षण आहे, ते शेजारच्या शहरातील तितक्याच मोठ्या रुग्णालयाला असेलच, याची शाश्वती राहत नाही.

तिसरा फरक : दाद कोणाकडे?

नियमांत 'प्राधिकारी' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला प्राधिकृत अधिकारी हे सर्व त्यात येतात. राज्याने कोणाची नेमणूक केली, त्यावर तक्रारीचा मार्ग अवलंबून असतो.

दिल्लीत पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, तर प्रदूषण नियंत्रण समिती दिल्ली सरकारची आहे. नोएडात निवडून आलेली महापालिका नाही. नागरी कारभार राज्य सरकारने नेमलेले विकास प्राधिकरण पाहते आणि जानेवारी २०२० पासून गौतम बुद्ध नगरला पोलीस आयुक्तालय आहे. गुरुग्राममध्ये महापालिका २००८ पासून, तर पोलीस आयुक्तालय त्याच्या आदल्या वर्षापासून आहे. दिल्ली, अलाहाबाद आणि पंजाब व हरियाणा अशा तीन उच्च न्यायालयांची अधिकारक्षेत्रे या परिसरात एकत्र येतात आणि त्यांच्या आदेशांनी स्थानिक व्यवहाराला वेगवेगळे वळण दिले आहे.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने डिसेंबर २०१७ मध्ये धार्मिक स्थळांवरील ध्वनिक्षेपकांच्या परवानगीविषयी जाब विचारल्यानंतर उत्तर प्रदेश सरकारने जानेवारी २०१८ मध्ये विनापरवाना ध्वनिक्षेपकांची पाहणी करण्याचे आदेश दिले. एप्रिल २०२२ मध्ये तेथे पुन्हा मोठी मोहीम झाली. अनेक ध्वनिक्षेपक उतरवण्यात आले, तर काहींचा आवाज कमी करण्यात आला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये लेखी परवानगीशिवाय कोणत्याही धार्मिक संस्थेलाही ध्वनिक्षेपक वापरता येणार नाही, असा आदेश दिला. वार्षिक परीक्षांच्या १५ दिवस आधीपासून परीक्षा संपेपर्यंत ध्वनिक्षेपकास परवानगी देऊ नये, असेही त्यात म्हटले होते. गुरुग्राममधील विद्यार्थ्याच्या पालकांना या आदेशाचा आधार घेता येतो. राष्ट्रीय पातळीवरील एकाच मंडळाची परीक्षा देणाऱ्या दिल्लीतील विद्यार्थ्याच्या पालकांना मात्र हा आदेश पुढे करता येत नाही, कारण ते त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर राहतात.

महाराष्ट्रात ठाण्यातील एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणे हा धर्मपालनाचा मूलभूत हक्क ठरू शकत नाही, हे त्यात नमूद झाले. २३ जानेवारी २०२५ रोजी याच न्यायालयाने कुर्ला येथील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर आणखी पुढचे निर्देश दिले. तक्रारदाराची ओळख विचारू नये किंवा उघड करू नये, पहिल्या उल्लंघनाला समज, त्यानंतर दंड, पुढे यंत्रणा जप्त करणे व परवाना रद्द करणे अशा चढत्या क्रमाने कारवाई करावी आणि ध्वनिक्षेपकातच आवाजाची कमाल मर्यादा बसवण्याचा विचार व्हावा, असे न्यायालयाने सुचवले. ओळख गुप्त राखण्याचा निर्देश लहान वाटला, तरी त्याचे मोल मोठे आहे. एकाच गल्लीत राहणाऱ्या माणसाला मंडळाच्या कार्यकर्त्यांविरुद्ध दूरध्वनी करताना सर्वांत मोठी भीती आपले नाव फुटण्याची असते.

आवाज हद्द पाळत नाही, परंतु तक्रारीला हद्द असते. मुलुंडमध्ये राहणाऱ्या व्यक्तीला ठाण्याच्या हद्दीतील मैदानावरून येणाऱ्या आवाजाचा त्रास होत असेल, तर कारवाई ठाण्याच्या पोलिसांनाच करावी लागते. झोप एका शहरात मोडते आणि उपाय दुसऱ्या शहरात शोधावा लागतो. तक्रार या ठाण्यातून त्या ठाण्याकडे जाईपर्यंत मध्यरात्र उलटून जाण्याची शक्यता असते.

चौथा फरक : दंड आणि मोजमाप

दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीने जुलै २०२१ मध्ये दंडाचे ठोस दर जाहीर केले. ध्वनिक्षेपकाच्या नियमभंगासाठी यंत्रणा जप्तीसह १० हजार रुपये, बांधकामाच्या आवाज करणाऱ्या यंत्रांसाठी जप्तीसह ५० हजार रुपये आणि डिझेल जनित्रांसाठी त्यांच्या क्षमतेनुसार १० हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत असे ते दर होते. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली पोलिसांनी मंडप व ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्या व्यावसायिकांनाही या चौकटीत आणले. पोलिसांची लेखी परवानगी पाहिल्याशिवाय साहित्य भाड्याने देऊ नये, असे त्यांना बजावण्यात आले. हे दर आणि हा आदेश दिल्लीपुरता आहे. तोच व्यावसायिक तीच यंत्रणा टेम्पोत घालून सीमेपलीकडे गेला, तर त्याला तेथील प्रशासनाचे नियम लागू होतात.

देशभरासाठी समान असलेला आधार म्हणजे पर्यावरण (संरक्षण) कायदा. पूर्वी त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. शिक्षा कठोर असल्याने खटला चालवणे भाग पडे आणि रात्रीच्या ध्वनिक्षेपकासाठी खटल्याच्या वाटेला जाण्यास यंत्रणा सहसा धजावत नसे. जनविश्वास (तरतुदींमध्ये सुधारणा) कायदा, २०२३ ने ही पद्धत बदलली. १ एप्रिल २०२४ पासून या कायद्याखालील उल्लंघनासाठी निर्णय अधिकाऱ्याला १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. याशिवाय भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाचे कलम आणि महाराष्ट्र पोलीस कायद्यासारखे राज्यांचे कायदे आहेतच.

मोजमापातील तफावतही दुर्लक्षिण्याजोगी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०११ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि लखनौ या सात शहरांत आवाजाची अखंड नोंद घेणारे जाळे सुरू केले. प्रारंभी ३५ असलेली केंद्रे पुढे ७० झाली. या सात शहरांच्या यादीत नोएडा वा गुरुग्राम नव्हते. राजधानीला लागून असलेल्या उंच इमारतींच्या या शहरांत जनित्रे, बांधकामे आणि रात्रीची वाहतूक यांचा गोंगाट कमी नाही. सातत्याने घेतलेल्या नोंदींचा आधार मात्र तेथील रहिवाशाला दिल्लीकराइतका सहज लाभला नाही.

नोंदी असल्या तरी त्यांची मर्यादा ओळखावी लागते. नियमांतील मानक हे ठरावीक काळातील समतुल्य सरासरी आवाजाचे आहे. मध्यरात्री दोन वाजता वाजलेला एकच कर्कश भोंगा संपूर्ण रात्रीच्या सरासरीत फारसा दिसत नाही, झोप मात्र त्याने मोडलेली असते.

मीटर नसेल तर?

रहिवाशांच्या दृष्टीने नियमांतील सर्वांत उपयुक्त तरतूद सर्वांत कमी माहितीची आहे. दिवसा तक्रार करायची तर आवाज मानकापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक असावा लागतो. ते सिद्ध करण्यासाठी मीटर हवा. रात्रीच्या निर्बंधांचे तसे नाही. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक सुरू असणे, निवासी भागात आवाज करणारे बांधकाम यंत्र चालणे किंवा आवाजाचे फटाके फुटणे हेच मुळात उल्लंघन आहे. तेथे डेसिबल किती, हा प्रश्न गौण ठरतो. 'आमच्याकडे आवाज मोजण्याचे यंत्र नाही' हे उत्तर दुपारी चार वाजता ग्राह्य धरता येईल, रात्री अकरा वाजता नाही. सवलतीचा दिवस आणि बंदिस्त जागा हे दोन अपवाद तेवढे तपासावे लागतात.

म्हणून तक्रार करताना काही गोष्टी निश्चित असाव्यात. आवाजाचा उगम कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे, हे प्रथम पाहावे. दिवस सवलतीच्या यादीत आहे का, जागा उघडी आहे की बंदिस्त, आवाज किती वाजता सुरू झाला आणि केव्हा थांबला, याची नोंद ठेवावी. आपत्कालीन मदतीच्या ११२ क्रमांकावर केलेल्या दूरध्वनीचा नोंदणी क्रमांक जपून ठेवल्यास पुढे लेखी तक्रारीला तो जोडता येतो. त्रास वारंवार होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमान्वये दंडाधिकाऱ्याकडे उपद्रव दूर करण्याच्या आदेशासाठी अर्ज करण्याचा मार्गही खुला आहे.

समन्वयाची गरज

सर्व शहरांनी एकाच तारखांना सवलत द्यावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. दिल्लीतील रामलीला, कोलकात्यातील दुर्गापूजा आणि मुंबई-पुण्यातील गणेशोत्सव यांचे दिवस आणि स्वरूप भिन्न आहे. केंद्रीय नियमाने उत्सवांचे हे वैविध्य ओळखूनच पंधरा दिवसांची मोकळीक दिली आहे. परंतु ज्या शहरांची वस्ती सलग आहे, रेल्वे वा मेट्रो एक आहे आणि नोकरदार एका शहरात राहून दुसऱ्या शहरात काम करतात, तेथे याद्या निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेल्या राहण्याचे कारण नाही.

सवलतीचे दिवस आणि त्यांचा तपशील आगाऊ जाहीर करण्याची तरतूद नियमांत २०१० पासून आहे. शेजारच्या जिल्ह्यांनी आपापल्या याद्या वर्षारंभी एकत्र प्रसिद्ध केल्या, परवानगीची प्रत मंडपाच्या दर्शनी भागी लावणे आयोजकांवर बंधनकारक केले आणि हद्दीवरील पोलीस ठाण्यांनी एकमेकांच्या तक्रारी स्वीकारून तत्काळ पुढे पाठवल्या, तर बराचसा गोंधळ टळू शकतो. यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. ही तिन्ही कामे विद्यमान अधिकारांतून करता येण्याजोगी आहेत. तोपर्यंत सेक्टर १५ किंवा खारघरच्या रहिवाशाला रात्री दहानंतर घड्याळाबरोबरच आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो, हेही पाहावे लागेल.